माद्रिद, नोव्हेंबर 1996: परत आलेल्या पाहुण्यांच्या गर्दीत

मोबाइल घरीच ठेवून या. आज तुमचे दोन्ही हात मोकळे हवेत, कारण ते खूप जणांच्या हातांत द्यायचे आहेत. खिशात पेसेता असू द्या. युरो यायला अजून अवकाश आहे. चिल्लर चाचपताना मधोमध भोक असलेलं पंचवीस पेसेतांचं नाणं बोटाला लागलं की समजायचं, आपण बरोबर ठिकाणी उतरलो.

स्वेटरवर जाड कोट चढवा. हे शहर साडेसहाशे मीटर उंचीच्या पठारावर वसलंय. आभाळ निळंशार, ऊन लख्ख, पण रस्त्याच्या सावलीच्या बाजूला गेलात की कानाच्या पाळ्या बधिर होतात. मग कोपऱ्यावरच्या त्या पत्र्याच्या शेगडीपाशी थांबा. निखाऱ्यांवर चेस्टनट भाजताहेत. चीर दिलेली सालं तडतडतात, जळकट-गोडसर धूर कोटात शिरतो, आणि शेगडीवाल्या बाई कागदाच्या पुडीत मूठभर चेस्टनट घालून देतात. लगेच सोलायला जाऊ नका, बोटं भाजतील. पुडी आधी दोन्ही तळव्यांत धरा, ऊब घ्या आणि चालू लागा.

न्याहारी उभ्यानेच करायची. बारचं दार ढकललंत की आधी आवाज अंगावर येतो. कॉफीचं यंत्र वाफ सोडतंय, बशा ओट्यावर आपटताहेत, कोपऱ्यात टीव्ही ओरडतोय आणि त्याच्यापेक्षा वरच्या पट्टीत सगळे जण बोलताहेत. दचकू नका, हे भांडण नव्हे. माद्रिदमध्ये गप्पा अशाच होतात. काळ्या तंबाखूचा धूर डोळ्यांना झोंबतो. बारमध्ये सिगारेट ओढायला अजून कुणाची हरकत नाही. पायाखाली कागदी रुमाल, ऑलिव्हच्या बिया, साखरेच्या फाटक्या पुड्या. डोक्यावर डुकराच्या अख्ख्या तंगड्या टांगल्यात आणि प्रत्येकीखाली गळणारी चरबी झेलायला छोटीशी वाटी अडकवलीय. मांस खात नसाल तर ऑलिव्ह तेल आणि टोमॅटो चोळलेला भाजका पाव मागा. अंडं चालत असेल तर बटाट्याची जाडजूड तोर्तिया मागा, ती पोटाला संध्याकाळपर्यंत आधार देईल. आज चालायचं खूप आहे.

ओट्यावर पडलेलं वर्तमानपत्र उचला. स्पॅनिश येत नसली तरी फोटो समजतील. पांढऱ्या केसांची, काठ्या टेकत चाललेली माणसं, आणि प्रत्येकाची एक मूठ वर. हेच तुमचे आजचे सोबती. 1936 ते 1938 या काळात पन्नासाहून अधिक देशांतून साधारण पस्तीस हजार लोक स्पेनमध्ये आले होते. खाणकामगार, शिंपी, खलाशी, शिक्षक, कवी, परिचारिका. स्पेनच्या प्रजासत्ताकाविरुद्ध सेनापतींनी बंड केलं, आणि हा घाव आपल्यावरच पडलाय असं या परक्या माणसांना वाटलं. कित्येक जण सरहद्दीवरच्या पहारेकऱ्यांना चुकवत, दोरीच्या तळव्यांचे कापडी जोडे घालून, रात्रीच्या रात्रीत पिरेनीजचा डोंगर ओलांडून आले. हजारो इथल्याच मातीत राहिले. जे परत गेले त्यांच्यातले जवळपास पावणेचारशे जण या आठवड्यात मेळाव्यासाठी पुन्हा आलेत. बहुतेकांनी ऐंशी ओलांडलीय.

पैसे ओट्यावर ठेवा आणि मेट्रोचा जिना उतरा. खालून रबराचा, लोखंडाचा वास घेऊन उबदार वारा तोंडावर येतो. गाडी डाव्या बाजूने येईल. बाकीचे युरोपीय प्रवासी इथे उलट्या दिशेला बघत उभे राहतात. मुंबईच्या लोकलला सरावलेले तुम्ही मात्र बरोबर बघाल. बाकावर शेजारी बसलेल्या आजी फलाटाकडे बोट दाखवून काहीतरी सांगताहेत. शब्द कळले नाहीत तरी हात बघा. दोन्ही तळवे जोडून गालाखाली घेतले, मग छताकडे बोट, मग ओठांतून बॉम्ब पडल्याचा आवाज. लहानपणी त्या याच फलाटावर झोपायच्या. वर विमानं यायची आणि खाली गाद्या, घागरी, तान्ही पोरं घेऊन आख्खी आळी उतरायची. त्यांच्या पिशवीतून कार्नेशनचे लाल तुरे डोकावताहेत. तुम्ही ज्या स्टेशनवर उतरणार, त्याच स्टेशनवर त्याही उतरतील. त्यांची पिशवी धरा.

हे पाहुणे उतरलेत त्या हॉटेलच्या लॉबीत शिरताना घोळका लागेल. आवाजाची पट्टी इथे वेगळीच आहे, कारण निम्म्या लोकांना कमी ऐकू येतं. कानयंत्रं शिट्ट्या मारताहेत. चामड्याच्या खुर्च्यांवर ओव्हरकोट, काठ्या, औषधांचे डबे, चष्म्यांची घरं. मलमाचा, ओल्या लोकरीचा, कोलोनचा वास. काळ्या टोप्या, छातीवर तीन टोकांचा तांबडा तारा. एका कोपऱ्यात पोलिश चाललंय, दुसऱ्यात इटालियन, खांबापाशी इंग्रजी, जिन्याखाली जर्मन आणि यिडिश. मधूनच दोन म्हातारे एकमेकांच्या छातीवरचं नाव चष्मा वर-खाली करून वाचतात. वाचून होतं, क्षणभर काहीच होत नाही, आणि मग एक जण दुसऱ्याच्या खांद्यावर इतक्या जोराने थाप मारतो की दोघांचाही तोल जातो. हात पुढे करा. तुम्हाला सावरायलाच इथे आणलंय.

हे दोघे हारामाच्या खोऱ्यात एकत्र होते. फेब्रुवारी 1937, ऑलिव्हच्या बागा, आणि टेकडीवर चढलेली ब्रिटिश बटालियन. सुमारे सहाशे जण लढायला उतरले, आणि पहिल्या तीन दिवसांनंतर सव्वादोनशेही धड उरले नव्हते. दोघांनाही वाटत होतं की दुसरा तिथेच राहिला.

दाराजवळच्या चाकांच्या खुर्चीत बसलेले आजोबा तुम्हाला बोटाने बोलावतील. जा. वेल्सचे आहेत, जन्मभर कोळशाच्या खाणीत राबले. हात हातात घेतलात की कातडीखाली निळ्या रेघा दिसतील. खाणीत झालेल्या जखमा कोळशाची पूड आत ठेवूनच भरून येतात. श्वास घेताना छातीत शिट्टी वाजते. त्यांना खुर्ची ढकलायला कुणीतरी हवंय आणि तुमचे खांदे तरुण आहेत. आज दिवसभर ही खुर्ची तुमची. ब्रेक कुठे आहे ते आधीच बघून घ्या, माद्रिदचे रस्ते चढउताराचे आहेत.

लॉबीत बायका कमी दिसल्या तरी त्यांच्याकडे दुर्लक्ष करू नका. परिचारिका होत्या, दुभाष्या होत्या, अँब्युलन्स चालवणाऱ्या होत्या. पेशन्स डार्टन हे नाव तुमच्या कानावर येईल. ही इंग्रज परिचारिका एब्रो नदीच्या लढाईत डोंगरातल्या एका गुहेत थाटलेल्या इस्पितळात काम करत होती. वर बॉम्ब पडत असताना आत खाटा लावलेल्या, ओल्या दगडांखाली, दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात तिने पोरांना रात्र-रात्र जागून वाचवलं. पंच्याऐंशीव्या वर्षी ती या मेळाव्याला माद्रिदला आली आणि याच दिवसांत इथेच वारली. तिच्या मैत्रिणी रडताहेत आणि एकमेकींना कोटाची बटणं लावून देताहेत. बाहेर थांबलेल्या लोकांना ताटकळत ठेवायचं नाही, एवढं त्यांचं ठरलंय.

आता दीर्घ श्वास घ्या. बाहेर पडायचंय.

फुटपाथ दिसतच नाही. माणसांनी भरलाय. आजोबांची खुर्ची दारातून निघाली आणि पहिली मूठ वर गेली, मग शंभर, मग किती ते कळेना. "नो पासारान!" 1936 च्या नोव्हेंबरमध्ये याच शहराने शत्रूला आत येऊ देणार नाही म्हणून ही आरोळी दिली होती. आज ती देणाऱ्यांकडे बघा. जीनची जाकिटं घातलेली विशीतली पोरं, पाठीवर दप्तरं, कॉलेजातून थेट आलेली. त्यांच्यामागे चाळिशीतल्या बाया, आणि सगळ्यांत मागे भिंतीला टेकून उभी असलेली म्हातारी माणसं. ती ओरडत नाहीत. टोप्या काढून उभी आहेत.

खुर्ची पुढे सरकणार नाही. सरकवूही नका. लोक येतील, आजोबांचे हात धरतील, गालांचे मुके घेतील, कार्नेशन मांडीवर टाकतील. हात तुमचेही धरले जातील. तुम्ही कोण, हे कुणी विचारणार नाही. प्रजासत्ताकाचा लाल-पिवळा-जांभळा असा तिरंगी झेंडा तुमच्या तोंडावरून घासत जाईल. बंड करणाऱ्या सेनापतींपैकी फ्रँको जिंकून सत्तेवर बसला, आणि त्याच्या राज्यात हा झेंडा घरात सापडला असता तर माणूस घरी राहिला नसता. आज बघा, एक पोरगी तो खांद्यावर शालीसारखा घेऊन आलीय.

मेट्रोतल्या त्या आजी आठवतात? त्या आता रेटत रेटत पुढे आल्यात. पिशवीतून फुलांच्या आधी एक फोटो निघतो. पासपोर्टच्या आकाराचा, कडा झिजलेल्या, एक कोवळा मुलगा, कानांवर आलेली सैनिकी टोपी. थोरला भाऊ. ब्रुनेतेच्या लढाईतून परत आला नाही, आणि त्याचं नाव पुढची चाळीस वर्षं घरात दार लावूनच घेतलं गेलं. आजी फोटो आजोबांच्या डोळ्यांसमोर धरतात. आजोबा चष्मा पुसतात, नीट बघतात, मान हलवतात. ओळखत नाहीत. मग स्वतःच्या छातीवर निळ्या रेघांचा हात ठेवून म्हणतात, "ब्रुनेते." मीही होतो. आजी खाली वाकून त्यांच्या कपाळाला कपाळ लावतात. आजूबाजूला बघा, असे फोटो घेऊन आलेल्या त्या एकट्याच नाहीत.

संसदेकडे न्यायची बस सुटायला उशीर होईल. होऊ द्या.

संसदेच्या इमारतीपाशी उतरताना दारावरचे दोन कांस्य सिंह बघून घ्या. लढाईत जिंकलेल्या तोफा वितळवून ते ओतलेत. आत मऊ गालिचे, गरम हवा, लाकडाच्या पॉलिशचा वास. काठ्यांचा आवाज एकदम बंद होतो. या सभागृहाने एकमताने ठरवलं की या माणसांना स्पेनचं नागरिकत्व द्यायचं, आणि जानेवारी 1996 मध्ये तसा हुकूम निघाला. एक अट मात्र होती, आपल्या देशाचं नागरिकत्व सोडण्याची. वेल्सच्या आजोबांना ती जमणार नाही. त्यांना आपलं खोरंही हवंय आणि हा देशही. तुम्ही पुढच्या काळातून आलात, तुम्हाला माहीत आहे की 2007 च्या कायद्याने ती अट जाईल, आणि 2009 मध्ये ब्रिटन आणि आयर्लंडचे सात म्हातारे लंडनच्या स्पॅनिश वकिलातीत पासपोर्ट हातात घेतील. हे त्यांच्या कानात सांगायचा मोह होईल. आवरा. पाण्याचा ग्लास द्या, त्यांची गोळी घ्यायची वेळ झालीय.

जेवण तीन वाजता. इथे हीच वेळ. लांबच लांब टेबलं, पांढरे कागद अंथरलेले, पावाचे तुकडे, तांबड्या वाइनच्या बाटल्या, आणि मग मातीच्या खोल भांड्यांतून वाफाळती मसुराची आमटी येते. गाजर, लसूण, तमालपत्र, लाल मिरचीची पूड. भांडी ठेवायचा अवकाश, टेबलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हशा उसळतो. लढाईच्या दिवसांत खायला मसूर आणि पुन्हा मसूर एवढंच असायचं, आणि पंतप्रधान नेग्रीन पेशाने डॉक्टर. म्हणून लोक मसुराला म्हणायचे डॉ. नेग्रीन यांच्या गोळ्या. एक अमेरिकन आजोबा चमचा वर करून सांगताहेत की पुढे आयुष्यभर त्यांनी मसुराला हात लावला नाही. आज मात्र दुसऱ्यांदा वाढून घेतलाय. तुमच्यापुढचं भांडं रिकामं करा. यात सॉसेजचे तुकडे असतील तर वाढणाऱ्या मावशींना सांगा, त्या शांतपणे वेचून काढतील.

जेवता जेवता एखादा विचारेल, तुम्ही कुठले. सांगा. आणि मग नागपूरच्या गोपाळ मुकुंद हुद्दारांची गोष्ट तुम्हीच सांगा. पत्रकारितेच्या शिक्षणासाठी लंडनला गेलेला हा मराठी माणूस 1937 मध्ये जॉन स्मिथ असं नाव घेऊन या लढ्यात उतरला. एप्रिल 1938 मध्ये गांदेसाजवळ पकडला गेला आणि बुर्गोसजवळच्या सान पेद्रो दे कार्देन्या या जुन्या मठात कोंडला गेला. मठाचं नाव काढलंत की टेबलावरच्या दोघातिघांचे चमचे थांबतील. त्यांना तिथला गारठा माहीत आहे, उवा माहीत आहेत, दगडी फरशीवर एका कुशीवर काढलेल्या रात्री माहीत आहेत. तिथे कैद्यांनी हाताने लिहिलेलं वर्तमानपत्र काढलं होतं, एकमेकांना भाषा आणि गणित शिकवलं होतं. हुद्दार सुटून भारतात परतले आणि 1981 मध्ये गेले. आज ते इथे असते तर चौऱ्याण्णव वर्षांचे असते. त्यांच्या वाटचा पेला कुणीतरी भरेल. तो तुम्ही उचला.

आणखी एक धागा इथूनच निघून आपल्याकडे येतो. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथून यांनी याच माद्रिदमध्ये रक्ताच्या बाटल्या गाडीत घालून थेट आघाडीवर न्यायची सोय उभी केली. जखमी माणसाला रक्तापर्यंत आणण्याऐवजी रक्तच त्याच्यापर्यंत न्यायचं. इथून ते चीनला गेले आणि 1939 मध्ये तिथेच वारले. त्यांच्या नावाने चीनमध्ये जे इस्पितळ उभं राहिलं, त्याची धुरा पुढे सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांनी वाहिली. आणि कोटणीसांना चीनला घेऊन गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकाचे प्रमुख डॉ. मदन अटल हे त्याआधी स्पेनमध्ये जखमींची सेवा करून आले होते. म्हणजे माद्रिदच्या या टेबलावर तुम्ही परके नाही. तुमच्या घरचं माणूस आधीच येऊन गेलंय.

उन्हं कलायच्या आत विद्यापीठाच्या आवारात चला. पाइनच्या झाडांखाली गळलेल्या सुया पायांखाली करकरतात, चाकांत अडकतात. विटांच्या इमारती, सायकली, सिगारेट फुंकत बसलेले विद्यार्थी. आजोबांना यातलं काही दिसत नाहीये. ते खिडक्या मोजताहेत. नोव्हेंबर 1936 मध्ये आघाडी इथपर्यंत आली होती. सैनिक ट्रामने लढाईवर यायचे. तत्त्वज्ञान विभागाच्या खिडक्यांत वाळूच्या पोत्यांऐवजी ग्रंथालयातली पुस्तकं रचली गेली. जाड ग्रंथ हवे होते, म्हणून जर्मन तत्त्वज्ञानाचे खंड आले आणि भारतीय दर्शनांवरचेही. गोळी आत शिरायची आणि पानापानांतून जाता जाता थकून थांबायची. या भिंतीपाशी क्षणभर उभे राहा. तुमच्या आजोबा-पणजोबांनी पाठ केलेला विचार एखाद्या एकोणीस वर्षांच्या पोराच्या छातीसमोर असा उभा होता.

एक विद्यार्थी पुढे येऊन काहीतरी विचारतो. आजोबांची स्पॅनिश साठ वर्षांपूर्वी थांबलीय. पाव, पाणी, घोंगडी, खाली वाक, एवढंच उरलंय. तेवढ्यावर दोघांचं अर्धा तास जमतं.

रात्री क्रीडागृह. कोट हातावर घ्या, आत भट्टी पेटलीय. हजारो माणसांचा घाम, संत्र्याची सालं, धूर, गरम दिव्यांवर जळणारी धूळ. पायऱ्यांवर माणसं, वाटांवर माणसं, बापांच्या खांद्यांवर पोरं. पुढच्या रांगा राखून ठेवल्यात. म्हातारे एकेक करून आत येऊ लागतात आणि सगळं क्रीडागृह उभं राहतं. टाळ्या सुरू होतात त्या थांबत नाहीत. एक मिनिट होतं, दोन होतात, तळवे हुळहुळायला लागतात, आणि अजून शेवटची काठी दारातून आत यायचीय. खुर्ची ढकलत तुम्ही त्या आवाजातून चाललात. आवाज कानांनी ऐकू येत नाही, बरगड्यांत वाजतो. आजोबा मागे वळून तुम्हाला काहीतरी ओरडून सांगतात. ऐकू येत नाही. खाली वाका, कान त्यांच्या तोंडाशी न्या. ते म्हणताहेत, "हळू. घाई करू नकोस."

मग गाणी. 'आय कार्मेला' सुरू झालं की पायांखालची फळी थरथरते. इथल्या पोरांना ते आज्यांनी शिकवलंय, म्हाताऱ्यांना खंदकांनी. दोघांच्या चाली थोड्या वेगळ्या आहेत, ओळी मागेपुढे होतात, आणि धृपदाला सगळे एकत्र येतात. तुम्हाला शब्द येत नसतील. फक्त ताल धरा. शेवटी 'इंटरनॅशनल' हे कामगारांचं गीत. एकाच वेळी डझनभर भाषांत. आजोबांची छाती शिट्टी वाजवतेय, तरी ते वेल्शमध्ये गाताहेत. खाणीतल्या गायनमंडळात मिळवलेला आवाज अजून खर्जात शाबूत आहे.

या गोंगाटात उभं राहून एक गोष्ट नीट बघून घ्या, ती फोटोंत येत नाही. वर्तमानपत्रांत छापलंय की जुन्या स्वयंसेवकांचा मेळावा भरलाय. खरंय, पण ते अर्धंच. ऑक्टोबर 1938 मध्ये बार्सेलोनाने या माणसांना निरोप दिला तेव्हा रस्ते फुलांनी झाकले होते, बाया रांगांत घुसून त्यांचे मुके घेत होत्या, आणि कम्युनिस्ट नेत्या दोलोरेस इबारुरी यांनी भाषणात त्यांना परत यायचं आवतण दिलं होतं. मग प्रजासत्ताक हरलं आणि या घराचं दारच बंद झालं. आवतण देणाऱ्या दोलोरेस स्वतः जवळजवळ चार दशकं परदेशात राहिल्या, आणि 1989 मध्ये गेल्या. ज्यांनी फुलं टाकली त्यांतल्या कित्येकींनी तोंड मिटून जन्म काढला. तरी आज दारात माणसं उभी आहेत. कुणी सांगितलं या विशीतल्या पोरांना? शाळेत नाही. स्वयंपाकघरात, आवाज खाली करून, एखाद्या आजीने. पाहुण्यांनी यायचं कबूल केलं होतं, ते आले. पण यजमानांनी कबुली जपली ती त्याहून कठीण परिस्थितीत. आज इथे पाहुणे आणि यजमान दोघेही एकमेकांना मोठ्याने, भर रस्त्यात, नावाने हाक मारताहेत. मदतीला धावून गेलेल्या माणसाला याहून मोठं पदक कुठलंही सरकार देऊ शकत नाही, आणि मदत घेतलेल्या माणसाचं ऋणही असंच फिटतं. विसरायला सांगितलं असताना लक्षात ठेवून.

बाहेर पडाल तेव्हा मध्यरात्र उलटलेली असेल. झोपायचा विचार कुणी करत नाहीये. चुरोसच्या दुकानात घुसा. कढईत तेल उकळतंय, पिठाची वेटोळी सळसळत फुगताहेत, आणि कपातलं चॉकलेट इतकं दाट आहे की चुरो उभा राहतो. बोटं तेलकट, ओठांवर साखर. टेबलाभोवती दोन पोलिश, एक इटालियन, वेल्सचे आजोबा, मेट्रोतल्या आजी आणि विद्यापीठातला तो पोरगा उद्याच्या प्रवासावरून हुज्जत घालताहेत. अल्बासेतेला जायचंय. साठ वर्षांपूर्वी सगळे तिथेच पहिल्यांदा गोळा झाले होते, तिथेच बंदूक कशी धरायची ते शिकले होते. डॉक्टरने आजोबांना जायला मनाई केलीय. आजोबांनी डॉक्टरला मनाई केलीय. आजी म्हणताहेत, मीही येणार, भावाचा फोटो घेऊन; तिथे कुणीतरी ओळखेल.

पोरगा तुमच्याकडे वळतो. बॅगा चार आहेत, खुर्ची एक, गाडी सकाळची, आणि स्टेशनचा जिना उंच. बाही वर करा, खुर्चीचं डावं चाक तेल मागतंय ते आत्ताच बघून घ्या, आणि त्याला सांगून टाका की तुम्ही येताय.